तबकडी राखाडीच दिसते

प्रकाश आणि रंग हा शालेय विज्ञानातला सर्वांत सोपा पाठ समजला जातो. साहित्य थोडे लागते, मुलांना रंग आवडतात आणि परीक्षेत यायचे प्रश्नही ठरलेले असतात. इंद्रधनुष्यात रंग किती? सात. कोणते? तानापिहिनिपाजा. ते सगळे मिसळले की काय होते? पांढरा. सफरचंद लाल का दिसते? ते लाल रंग परावर्तित करते म्हणून. आकाश निळे का दिसते, याचे उत्तर कोणी शोधले? सर सी. व्ही. रामन यांनी. पाच ओळींत पाठ संपतो.

अभ्यासपुस्तिका, गाइड, प्रदर्शनातले तक्ते आणि विज्ञान दिनाची भाषणे यांत वर्षानुवर्षे फिरणाऱ्या या पाच ओळींची एकदा झडती घ्यावी असे फार दिवस मनात होते. त्या सरसकट चूक आहेत असे म्हणता येणार नाही. एक-दोन अर्ध्या बरोबर आहेत, एक निखालस चूक आहे. पण सर्वांत एक दोष समान आहे. मुलाच्या डोळ्याला त्या साक्षीला बोलावतात आणि साक्ष होण्याआधीच निकाल लिहून ठेवतात.

तबकडीपासून सुरुवात करू. गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीला एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला होता. तिथे ‘न्यूटनची तबकडी’ तीन ठिकाणी मांडलेली होती. (दोनपेक्षा कमी तबकड्या असलेले प्रदर्शन मी अजून पाहिलेले नाही.) पुठ्ठ्याच्या गोलावर सात पाकळ्या, पोस्टर रंग, खेळण्यातली मोटर. सातवीतल्या एका मुलीने बटण दाबले, तबकडी गरगरली आणि तिने तक्त्यावरचे वाक्य म्हटले : सात रंग मिळून पांढरा रंग तयार होतो. मी विचारले, ‘‘तुला कोणता दिसतो?’’ तिने तबकडीकडे पाहिले, मागे उभ्या असलेल्या गुरुजींकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, ‘‘राखेवानी दिसते मॅडम. पण पांढरा लिहा लागते.’’

त्या मुलीचे निरीक्षण अचूक होते. तबकडी राखाडीच दिसते आणि तशीच दिसली पाहिजे. लाल पाकळी लालच्या आसपासचा प्रकाश परत पाठवते आणि बाकीचा गिळते. निळी पाकळी निळ्याच्या आसपासचा परत पाठवते आणि बाकीचा गिळते. प्रत्येक पाकळी असा काही हिस्सा खाऊन टाकते. तबकडी वेगाने फिरली की डोळा या सगळ्यांची सरासरी काढतो. कोरा कागद येणाऱ्या प्रकाशाचा बराच मोठा भाग परत पाठवतो. तबकडीच्या वाट्याला सरासरीने ढोबळ मानाने तिसरा हिस्सा येतो. म्हणजे तबकडीवरून येणारा प्रकाश रंगाने पांढऱ्यासारखाच असतो, फक्त कमी असतो. आजूबाजूच्या वस्तूंच्या मानाने कमी असलेल्या पांढऱ्यालाच आपण राखाडी म्हणतो.

हे तोंडी सांगण्याची गरज नाही, करून पाहता येते. फिरत्या तबकडीशेजारी कोरा कागद धरा, तबकडी राखाडी दिसेल. मग खोली अंधारी करा, आसपास पांढरे काही ठेवू नका आणि फक्त तबकडीवर विजेरीचा झोत टाका. तीच तबकडी आता पांढरी भासू लागते. रंग साधे बाजारचे असल्याने थोडी पिवळसर किंवा जांभळट झाक राहील, ती राहू द्यावी. पांढरा आणि राखाडी यांच्यातला फरक वस्तूत कमी आणि शेजाऱ्यात जास्त आहे, ही एवढी मोठी गोष्ट त्या मुलीच्या ‘राखेवानी’त दडलेली होती. तक्त्याने ती झाकून टाकली.

गंमत अशी की खुद्द न्यूटनने राखाडी रंग लपवला नव्हता. १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात रंगीत पुडी एकत्र कालवण्याचा प्रयोग आहे. मिश्रणाचा रंग राखेसारखा, उंदरासारखा, रस्त्यावरच्या धुळीसारखा येतो, असे तो मोकळेपणाने नोंदवतो आणि कारणही देतो : प्रत्येक पूड बराचसा प्रकाश गिळते. मग त्याने ते मिश्रण खोलीच्या जमिनीवर उन्हात पसरले, शेजारी सावलीत पांढरा कागद ठेवला आणि काही पावले मागे जाऊन पाहिले. मिश्रण शुभ्र दिसले. तेवढ्यात एक मित्र भेटायला आला. न्यूटनने त्याला दारातच थांबवले आणि काहीही न सांगता विचारले, या दोन पांढऱ्यांतला चांगला कोणता? मित्राने दोन्ही चांगले असल्याचे सांगितले. ज्याच्या नावाने आपण तबकड्या फिरवतो त्याची रीत ही अशी होती. आधी पाहणाऱ्याला विचारायचे, उत्तर नंतर सांगायचे.

तबकडीवर आणखी एक आक्षेप आहे आणि तो माझ्या मते अधिक गंभीर आहे. पांढरा प्रकाश सात रंगांचा असतो हे तबकडीने सिद्ध होतच नाही. योग्य छटेचे आणि योग्य मापाचे निळा व पिवळा असे दोनच भाग रंगवून तबकडी फिरवली तरी ती राखाडी दिसते. लाल, हिरवा, निळा या तिघांनीही दिसते. मग पांढरा प्रकाश दोन रंगांचा म्हणायचा की तीन? न्यूटनचा खरा पुरावा लोलकाचा होता. १६६० च्या दशकात त्याने खिडकीच्या छिद्रातून आलेला उन्हाचा झोत लोलकातून नेला, पसरलेल्या पट्ट्यातला एकच भाग फळीच्या छिद्रातून पुढे सोडला आणि दुसऱ्या लोलकातून पाठवला. तो भाग पुन्हा वाकला, पण त्याचे आणखी रंग झाले नाहीत. काच रंग तयार करत नाही, आत असलेले वेगळे करते, हे तिथे ठरले. तबकडीत मिश्रण होते ते पाहणाऱ्याच्या डोळ्यात. ती डोळ्याबद्दल पुष्कळ सांगते, सूर्यप्रकाशाबद्दल जवळजवळ काहीच नाही.

आता सात या आकड्याकडे वळू. न्यूटनने आपल्या सुरुवातीच्या व्याख्यानांत पाचच मुख्य रंग धरले होते. नारिंगी आणि ‘इंडिगो’ त्याने मागाहून घातले, कारण संगीतातल्या सप्तकाशी पट्ट्याचे मेळ बसावे अशी त्याची इच्छा होती. पट्टा मात्र सलग असतो. सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या त्या पट्ट्यात निसर्गाने कुठेही रेघ मारलेली नाही. रेघा भाषा मारते. मराठीने ‘इंडिगो’साठी ‘पारवा’ हा शब्द घेतला. पारवा म्हणजे पारव्याच्या अंगाचा करडा-निळा रंग. करडा रंग इंद्रधनुष्यात असणे शक्यच नाही, कारण करडा म्हणजे मंद पांढरा हे आपण वर पाहिले. तरीही ‘पा’ म्हणजे पारवा हे लाखो मुलांनी पाठ केले आणि आकाशात तो कुणालाच सापडला नाही. काही मुले तर ‘पा’चा पांढरा करतात. त्यांना हसू नये. न दिसणाऱ्या दोन रंगांपैकी त्यांनी निदान ओळखीचा तरी निवडला.

वैनगंगेच्या काठी श्रावणात इंद्रधनुष्य पडले की मुलांना वही घेऊन बाहेर काढावे आणि जेवढे पट्टे दिसतील तेवढे रंगवा म्हणावे. कुणी चार रंगवेल, कुणी सहा. ज्याच्या घरी गोंडी किंवा माडिया बोलतात तो कदाचित मराठी मुलापेक्षा वेगळ्या जागी रेघ मारील. सगळी चित्रे भिंतीवर लावावीत. तानापिहिनिपाजा त्यानंतर शिकवावे, ओळखीची एक क्रमवार यादी म्हणून. लाल एका टोकाला आणि जांभळा दुसऱ्या टोकाला, हा क्रम खरा आहे. आकडा सोयीचा आहे.

वस्तूच्या रंगाबद्दलचे वाक्य अर्धे बरोबर आहे. वस्तू काही प्रकाश शोषते आणि काही परत पाठवते, इथपर्यंत ठीक. पण वस्तूवर मुळात कोणता प्रकाश पडला हे त्यात नाही आणि पाहतो कोण हेही नाही. पहिली उणीव आरमोरीतल्या कोणत्याही गिऱ्हाइकाला ठाऊक आहे. इथे टसर रेशमाचे काम चालते. ऐन-अर्जुनाच्या पानांवर वाढलेल्या किड्यांच्या कोशांपासून निघणाऱ्या त्या धाग्याला स्वतःचीच सोनेरी-तपकिरी छटा असते. कोशाची साडी घेणारी बाई दिव्याखाली पसंती देत नाही. ती साडी दारात नेते, उजेडात धरते आणि मग भाव करते. दुकानातला दिवा पांढरा दिसतो आणि बाहेरचे ऊनही पांढरेच, तरी साडीची छटा बदलते हे तिला माहीत असते. दोन पांढऱ्यांचा हा फरक वर्गात दाखवायला जुनी सीडी पुरते. एलईडी दिव्याचे प्रतिबिंब सीडीवर तिरके धरून पाहिले तर निळा पट्टा ठळक दिसतो, त्यापुढे जरासा अंधारा भाग आणि मग हिरव्यापासून लालपर्यंतचा पसरट पट्टा. जुन्या सीएफएल दिव्यात सुट्या रेघा दिसतात. उन्हासाठी सीडीत पाहू नये, डोळ्याला इजा होते. सीडीवरून भिंतीवर पडलेला पट्टा पाहावा, तो सलग असतो. साडीला जो प्रकाश मिळालाच नाही तो ती परत कुठून पाठवणार?

मोराचे पीसही या वाक्याला जुमानत नाही. समोरून ते निळे-हिरवे झळकते. तेच उजेडाच्या आड धरून पाहिले तर तपकिरी दिसते. त्यात निळे रंगद्रव्यच नाही. पिसातल्या अतिसूक्ष्म, शिस्तीत रचलेल्या थरांवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळून तो रंग उठतो. खंड्याचा निळा रंगही रचनेतूनच येतो. हे सहावी-सातवीला समजावून सांगण्याची घाई नको, पण पीस दोन्ही बाजूंनी दाखवायला काय हरकत आहे?

दुसरी उणीव मोठी. हा सगळा पाठ मुलांना असे शिकवतो की रंग प्रकाशात असतो आणि डोळा तो फक्त टिपून घेतो. न्यूटनने स्वतः बजावले होते की किरण रंगीत नसतात, विशिष्ट रंगाची जाणीव जागवण्याची शक्ती तेवढी त्यांच्यात असते. याचा पुरावा आज प्रत्येक शिक्षकाच्या खिशात आहे. मोबाइलच्या पडद्यावर पूर्ण पांढरे पान उघडा आणि बोटाच्या टोकाने पाण्याचा अगदी बारीक थेंब त्यावर ठेवा. थेंब भिंगाचे काम करतो आणि पांढऱ्याच्या जागी लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात. आता पडद्यावर पिवळा रंग आणा. निळे ठिपके विझतात, लाल आणि हिरवे उरतात. पिवळा ठिपका एकही नाही! याउलट गॅसच्या निळ्या ज्योतीत मिठाचे चार कण टाकले तर ज्योत पिवळी होते, आणि तो पिवळा जवळजवळ ५८९ नॅनोमीटर या एकाच तरंगलांबीचा असतो. काळ्या पडद्यावरची बारीक पिवळी रेघ सीडीत पाहिली तर तिचे मुख्यतः लाल आणि हिरवा असे दोन तुकडे पडतात. मिठाची ज्योत पिवळीच राहते. भौतिकीच्या दृष्टीने या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, डोळ्याला मात्र त्या एकच वाटतात.

कारण डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी फक्त तीन प्रकारच्या आहेत. तिघींना कमी-अधिक किती चेतना मिळाली, एवढ्यावर मेंदू रंग ठरवतो. अशा तीन ग्राहकांचा अंदाज थॉमस यंगने १८०२ मध्येच बांधला होता. ‘प्राथमिक रंग तीन’ हे वाक्य त्यामुळे प्रकाशाचा नियम म्हणून शिकवू नये. ती आपल्या डोळ्याची घडण आहे. हे ध्यानात आले की चित्रकलेच्या तासाला लाल-पिवळा-निळा आणि विज्ञानाच्या तासाला लाल-हिरवा-निळा, या नेहमीच्या भांडणातली हवा निघून जाते. निळ्यात पिवळा रंग कालवला तर हिरवा होतो, त्याच निळ्या-पिवळ्याची तबकडी फिरवली तर राखाडी दिसते. कालवताना दोन्ही रंगद्रव्ये आपापला हिस्सा गिळतात आणि दोघांच्या तडाख्यातून वाचलेला हिरवा तेवढा बाहेर येतो. तबकडीत बेरीज होते. हा भेद हेल्महोल्ट्झने १८५२ मध्ये स्पष्ट केला. दीडशेहून अधिक वर्षांनंतरही आपले तक्ते तो विसरतात.

बेरीज पाहायची तर झाडीपट्टीसारखी प्रयोगशाळा नाही. दिवाळीनंतर वडसा-आरमोरीच्या पट्ट्यात मंडईची नाटके सुरू होतात आणि रात्रभर चालतात. (दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग पेंगत असतो, हे शिक्षकांना सांगायला नको.) खलनायक आला की रंगमंच लाल होतो आणि नायिकेचा हिरवा शालू त्या क्षणी काळपट पडतो. लाल आणि हिरवा झोत एकमेकांवर आले की जमिनीवर पिवळा पट्टा उमटतो. नट त्यात उभा राहिला तर त्याच्या दोन सावल्या पडतात, एक लाल आणि एक हिरवी, कारण एका दिव्याच्या सावलीत दुसऱ्याचा प्रकाश पोचतो. ‘सावली काळी असते’ हे वाक्य वहीत लिहिणाऱ्या मुलाने रंगीत सावली आदल्या रात्रीच पाहिलेली असते. तिच्याबद्दल त्याला कुणी विचारत नाही.

डोळ्याला साक्षीतून वगळण्याची सर्वांत मोठी किंमत एक विशिष्ट मूल देते. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणारी मुले आपल्या शाळांत असतात, आणि त्यांत मुलींपेक्षा मुलगे कितीतरी अधिक, कारण हा दोष आईकडून मिळणाऱ्या एक्स गुणसूत्रावरून येतो. अशा मुलाला पळसाची फुले दुरून पानांत चटकन उठून दिसत नाहीत. रंग प्रकाशातच असतो असे शिकलेला वर्ग त्याला आंधळा किंवा ढ ठरवतो. तो मग शेजाऱ्याची वही पाहून रंग भरायला शिकतो आणि शिक्षकांच्या ते लक्षातही येत नाही. अणुसिद्धांताचा जॉन डाल्टन असाच होता. १७९४ मध्ये त्याने स्वतःच्याच दृष्टीवर निबंध वाचला, आणि रंगांधळेपणाची ही जवळजवळ पहिली शास्त्रीय नोंद मानली जाते. या मुलाच्या शंकुपेशींची बेरीज वेगळी आहे, एवढे वर्गाला सांगता आले तरी त्याची मान वर होईल.

राहता राहिले आकाश. इथली ओळ निखालस चूक आहे. आकाशाच्या निळेपणाचे गणित लॉर्ड रॅलेने १८७१ मध्ये मांडले : हवेच्या रेणूंकडून होणारे विकिरण तरंगलांबी कमी होताच झपाट्याने वाढते, इतके की ४०० नॅनोमीटरचा प्रकाश ७०० च्या सुमारे नऊपट विखुरतो. (मग आकाश जांभळे का नाही? सूर्यप्रकाशात जांभळा भाग तुलनेने कमी आहे आणि आपला डोळाही त्याला मंद आहे. पुन्हा डोळाच!) रामन यांनी १९२१ च्या सागरप्रवासात भूमध्य समुद्राच्या निळाईवर विचार सुरू केला. समुद्र निळा दिसतो तो केवळ आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, हे मत त्यांना पटले नाही, आणि त्यांनी पाण्याच्या रेणूंकडून होणाऱ्या विकिरणाकडे बोट दाखवले. पाणी लाल भाग शोषते, हाही त्या निळाईतला मोठा वाटा, हे आज आपण जाणतो. २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध आणखी पुढचा : विखुरलेल्या प्रकाशातल्या अगदी थोड्या भागाची तरंगलांबीच बदललेली असते. विदर्भाने तरी रामन यांच्या नावावर चुकीचा शोध टाकू नये. १९१० च्या सुमारास ते वित्त खात्याच्या नोकरीत काही काळ नागपूरला होते, आणि १९९२ पासून त्याच शहरात त्यांच्या नावाचे विज्ञान केंद्र उभे आहे.

इथे पाठ्यपुस्तकाला श्रेय द्यायला हवे. बालभारतीने २०१७ मध्ये काढलेल्या सातवीच्या पुस्तकातील ‘प्रकाशाचे परिणाम’ या पाठात विकिरणासाठी दूध-पाण्याचा प्रयोग घातला. तो साधा आहे आणि डोळ्याला खरोखर कामाला लावतो. मी एवढीच भर घालीन की दूध साय काढलेले घ्यावे, कारण स्निग्धाचे मोठे गोळे सगळेच रंग सारखे विखुरतात आणि निळेपणा बुजतो. पेल्याला पाच-सहा थेंब पुरेत. बाजूने पाहिले तर पाणी निळसर दिसते, समोरून पाहिले तर विजेरी तांबूस. दूध नसेल तर उदबत्ती घ्या. काळ्या कापडापुढे तिचा धूर निळसर दिसतो, उजळ खिडकीपुढे तोच भुरकट. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात त्या दिवसांत जंगलावर हेच दृश्य मोठ्या प्रमाणात दिसते.

फेब्रुवारीच्या अखेरीस, म्हणजे विज्ञान दिनाच्या सुमारास, आरमोरीच्या आसपास पळस फुललेला असतो. त्या दिवशी भाषणे दोनच ठेवावीत. प्रत्येक मुलाच्या हाती एक फूल, एक पान आणि हिरव्या जिलेटिन कागदाचा दुहेरी तुकडा द्यावा. कागदातून फूल काळपट पडते आणि पान उजळ राहते. लाल कागद घेतला तर उलट होते. फुले उकळून निघालेल्या पिवळ्या पाण्यात चुन्याची निवळी टाकली की रंग आणखी गडद होतो. तो रसायनाचा पाठ, पण होळी जवळ आली असल्याने मुले तोही सोडणार नाहीत. प्रत्येकाने काय दिसले ते स्वतःच्या शब्दांत लिहावे, ‘राखेवानी’ चालेल. तपासताना शेजारी छापील उत्तर ठेवू नये.